पिवळ्या खुणेची चौकट

तपासनीसबाईंची आई जिना चढताना पायऱ्या मोठ्याने मोजत असे आणि दर वेळी चुकत असे. "पाच, सहा, आठ," असे म्हणत ती सातव्या पायरीवर पाय ठेवी, आणि वर पोहोचून कठड्याला टेकत जाहीर करी, "सतरा." पायऱ्या सोळा होत्या. तपासनीसबाईंनी त्या दोनदा खालून आणि एकदा वरून मोजल्या होत्या. तीस वर्षे त्या आईला हे सांगत आल्या होत्या, आणि तीस वर्षे आई म्हणत आली होती, "तुझ्या सोळा असतील. माझ्या सतरा आहेत."

ज्या बाईने आयुष्यभर तराजू तपासले, तिच्याच घरात हे चालावे, यापरते दिव्याखाली अंधाराचे उदाहरण नाही. प्रयोगशाळेत औषधविक्रेत्यांचे, जवाहिऱ्यांचे आणि टपालखात्याचे तराजू त्यांच्या टेबलावर येत. बाजूला मखमली खाचांत प्रमाणवजने ठेवलेली असत. ती चिमट्यानेच उचलायची, कारण बोटाचा घामही वजनात मिळतो. एखादे वजन एक किलोचे आहे असे कोणी म्हटले की बाई विचारत, "कशावरून?" त्या वजनाला वरचे प्रमाण, त्या प्रमाणाला त्याहून वरचे, अशी साखळी दाखवता आली तरच वजन खरे; नाहीतर तो नुसता धातूचा तुकडा.

अशा बाईंना आईने एका सकाळी चहाचा कप पुढे सरकवत काम सांगितले.

"ताई आहे का नाही, तेवढं शोधून दे."

आईला एक थोरली बहीण होती, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. त्यांची आई वारली तेव्हा वडील पावाच्या भट्टीवर रात्रपाळीला होते. दोन मुली त्यांना सांभाळता येईनात. थोरली वसतिगृहाच्या शाळेत गेली आणि धाकटीला वडिलांच्या एका मावसबहिणीने, म्हणजे आईच्या आत्याने, दुसऱ्या गावी नेले. पुढे आत्याने दोनदा घरे बदलली, वडील गेले, पत्रे थांबली. ताईचे लग्न झाले असल्यास तिचे आडनाव काय, हेही आईला माहीत नव्हते.

"इतक्या वर्षांनी आज काय आठवलं?" बाईंनी विचारले.

"कागदावर मी एक्याऐंशीची आहे. ती चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी असेल. पुढच्या वर्षी शोधलंस तर तुला सापडेल गं, पण मला काय उपयोग?"

हिशेब बिनतोड होता. बाईंनी त्याच दिवशी प्रयोगशाळेत दाबकाकांना गाठले.

दाबकाका पलीकडच्या टेबलावर दाबमापके तपासत, म्हणून ते दाबकाका. स्वभावाने मात्र त्यांच्याइतका दबलेला माणूस इमारतीत दुसरा नव्हता. पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात ते अकरा वर्षे होते आणि स्वतःच्या सात पिढ्या त्यांनी अशा अदबीने गोळा केल्या होत्या की एकाही नातेवाइकाशी त्यांचे वैर झाले नव्हते. त्यांनी बाईंना गटात घेतले आणि आधी तेवीस नियम वाचायला लावले.

"नियम समजले. शोध कुठे घ्यायचा?" बाई म्हणाल्या.

"समजले नाहीत. तिथे 'मला सांगा' म्हणायचं नसतं. 'कोणाच्या पाहण्यात आलं असल्यास' म्हणायचं. कोणी काही दिलं की आधी आभार, मग ते वाचायचं. आणि कोणाची चूक दिसली तर चारचौघांत नाही, खासगी निरोपात, पुराव्यासकट. त्याआधी तीन गोष्टींची स्तुती."

"तीन सापडल्या नाहीत तर?"

"अक्षराची करायची."

"टंकलेल्या अक्षराची?"

"मी एकदा केली आहे," दाबकाका गंभीरपणे म्हणाले. "ते गृहस्थ अजून दर वर्षी शुभेच्छा पाठवतात."

चौथा नियम सर्वांत कडक होता. हयात माणसाची कोणतीही माहिती गटात द्यायची नाही. मृतांचे नाव, जन्म, मृत्यू सगळे उघडे; पण जिवंत माणसाच्या जागी वंशवृक्षात फक्त एक राखाडी चौकट दिसे आणि तीत एकच शब्द असे, 'हयात'. नाव नाही, वय नाही, बाई की पुरुष तेही नाही. शिवाय प्रत्येक चौकटीला स्रोत लागे. दाखला, नोंदवही, पत्र, काहीतरी. स्रोत नसला की चौकटीच्या कोपऱ्यात पिवळी खूण उमटे आणि जाणारे-येणारे तिच्याकडे, जावयाच्या फाटक्या सदऱ्याकडे पाहावे तसे, पाहून न पाहिल्यासारखे करत.

या पिवळ्या खुणेमुळे बाईंना गटाविषयी आदर वाटला. त्यांनी आजोबांचे पूर्ण नाव शोधात घातले आणि वंशवृक्ष समोर उभा राहिला. तो 'जुनी पेटी' असे टोपणनाव घेतलेल्या कोणा सदस्याने जतन केला होता. वर आजोबा-आजी, तारखांसह. खाली तीन मुले. पहिली चौकट राखाडी: हयात. दुसरी उघडी: त्यांच्या आईचे नाव, आईची जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अगदी दाखल्यावर आहे तसे, आणि पुढे मृत्यूची तारीख, जन्मानंतर अकरा महिन्यांनी. तिसरी चौकट पुन्हा राखाडी: हयात. तिच्या कोपऱ्यात पिवळी खूण.

बाईंनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिले. अकराव्या महिन्यात वारलेली आई तिथे वाटाणे सोलत होती आणि किडके दाणे वेगळे काढत होती.

मुले दोन असताना चौकटी तीन. बाईंनी शांतपणे विचार केला. पहिली हयात चौकट म्हणजे ताई. ही मोठी बातमी होती. दुसरी म्हणजे आई, पण चुकीने मारलेली. तिसरी म्हणजे निव्वळ कल्पना, जिला स्रोत नाही हे वृक्षकर्त्यानेच कबूल केले होते. दुसऱ्यांचे पूर्वज हौसेने जमवणारा कोणी गबाळा इसम असावा. पण त्याला ताईचा पत्ता ठाऊक असणार, आणि काम त्याच्याशीच होते.

अशा वेळी पहिला निरोप कसा लिहावा, हे दाबकाकांना विचारायला हवे होते. पण प्रयोगशाळेत सदोष तराजूवर बाई लाल चिठ्ठी लावत, आणि त्यासाठी तराजूची परवानगी घेत नसत. त्यांनी गटात, चारशे सदस्यांसमोर, लिहिले:

'या वृक्षात दोन चुका आहेत. एक: दुसऱ्या चौकटीतील व्यक्ती माझी आई असून ती जिवंत आहे. दोन: तिसऱ्या चौकटीला कोणताही आधार नाही, ती काढून टाकावी. पहिल्या चौकटीतील व्यक्तीचा पत्ता मला कळवावा.'

चाळीस मिनिटांत मजकूर गायब झाला. गटाच्या नियंत्रकांचा निरोप आला.

'प्रिय सदस्य, आपण नियम चार, नऊ आणि एकवीस यांचा एका परिच्छेदात भंग केला आहे. आमच्या पाहण्यात हे प्रथमच आले. आपले लेखन सात दिवस स्थगित करण्यात येत आहे.'

नववा नियम जाहीर चूक न काढण्याचा आणि एकविसावा हयात माणसाचा पत्ता न मागण्याचा होता. ते एकवेळ ठीक. चौथ्याचा अर्थ मात्र बाईंना लागेना. त्यांनी विचारले, 'माझी आई मृत आहे ही खोटी माहिती ठेवता येते. ती जिवंत आहे ही खरी माहिती मात्र देता येत नाही, असा आपला नियम आहे काय?'

'होय,' उत्तर आले. 'मृतांची तक्रार येत नाही.'

'पण ती मृत नाही.'

'कृपया हयात व्यक्तींची माहिती देऊ नये.'

बाईंनी तो निरोप तीनदा वाचला. त्यांच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत खरे वजन कळवल्याबद्दल कोणी त्यांना शिक्षा केली नव्हती. बरे, नियम खोटा आहे असेही म्हणता येईना. आपल्या आईचे नाव-गाव चारशे अनोळखी माणसांत फिरावे असे त्यांना तरी कुठे वाटत होते? प्रत्येक पायरी बरोबर होती आणि जिना मात्र भलतीकडेच जात होता.

संध्याकाळी त्यांनी वृक्ष पुन्हा उघडला. तिथे एकच ओळ होती: 'हा वृक्ष वृक्षकर्त्याने बंद केला आहे.' पहिली चौकट, म्हणजे ताई, दाराआड गेली होती.

"सापडली?" आईने विचारले.

"शोध चालू आहे," बाई म्हणाल्या. हे खोटे नव्हते, पण प्रमाणितही नव्हते.

दुसऱ्या दिवशी दाबकाकांनी सगळी हकिकत ऐकून घेतली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तीन गोष्टींची स्तुती केली होतीत?"

"नाही."

"एका?"

"काका, माझी आई मेलेली दाखवली होती त्या माणसाने."

"असेल. पण तुम्ही त्याच्या घरात शिरलात, कपाट उघडलंत, 'हे फेका, ते फेका' म्हणालात, आणि वर पत्ता मागितलात. आता मला मध्ये पडू द्या. दोघांचा ओळखीचा असा तिसरा माणूस पत्र पोचवतो, तशी तिथे रीत आहे."

पत्राचे चार मसुदे झाले. पहिल्यात दाबकाकांनी 'चूक' हा शब्द खोडून 'फरक' केला, दुसऱ्यात 'फरक' खोडून 'माझ्या समजुतीतील गोंधळ' केला. तिसऱ्यात बाईंनी आजोबांच्या तारखांच्या अचूकपणाची, मांडणीच्या नेटकेपणाची आणि, तिसरे काही सुचेना म्हणून, अक्षराची स्तुती केली. आईचा पत्ता, छायाचित्र, काही दिले नाही. फक्त जन्मदाखल्याची प्रत जोडली. तीवर शिक्का होता, क्रमांक होता, सहीही होती. साखळीची पहिली कडी.

"आता यावर काय बोलणार?" बाई समाधानाने म्हणाल्या.

उत्तर तिसऱ्या दिवशी दाबकाकांकडे आले. ते त्यांनी न वाचता, घडी घातल्यासारखे, बाईंकडे पाठवले. सोबत मृत्यूच्या नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र होते.

'आपण पाठवलेला दाखला खरा आहे. तो माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. ती अकरा महिन्यांची असताना तापाने गेली. मी तेव्हा चार वर्षांची होते आणि मला ते आठवते. नोंदवहीत जन्मदाखल्याचा क्रमांकही आहे, ताडून पाहावा. माझ्या मेलेल्या बहिणीचा दाखला आपल्या हाती कसा आला, हे कळवण्याची कृपा करावी. आमच्या मृतांची कागदपत्रे वापरून आलेल्या आपण पहिल्या नाही.'

बाईंनी क्रमांक ताडून पाहिला. सहाच्या सहा अंक जुळले.

म्हणजे 'जुनी पेटी' हा कोणी गबाळा इसम नव्हता. ती ताईच होती. स्वतःच्याच वृक्षात, नियमाप्रमाणे, राखाडी चौकटीत बसलेली. ताई सापडली होती, हयात होती, निरोप लिहीत होती. आणि त्याच ताईने नोंदवहीसकट सिद्ध केले होते की बाईंच्या आईला जाऊन ऐंशी वर्षे झाली.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. एवढी स्वच्छ साखळी बाईंनी क्वचितच पाहिली होती. दाखला खरा, नोंद खरी, क्रमांक खरा. फक्त निष्कर्ष बाजूच्या खोलीत खोकत होता.

"आई, तुझा जन्मदाखला कोणी काढला?"

"आत्याने. शाळेत घालायचं होतं ना. माझं नि बाबांचं नाव सांगितलं, त्यांनी वही उघडून दिला लिहून."

"तुझी जन्मतारीख आत्याला माहीत होती?"

"तिला कशी असेल? दाखल्यावरनंच तर कळली. मग म्हणाली, अगं, ही तर साडेसात वर्षांची आहे, मला वाटलं पाच. थेट वरच्या वर्गात बसवलं मला. किती रडले मी. सगळ्यांत बुटकी, नि सगळ्यांत ढ."

ढ असल्याची गोष्ट आई नेहमीच सांगत असे, आणि बाईंनी ती नेहमीच मायेने, म्हणजे लक्ष न देता, ऐकली होती. आज त्या खुर्चीवर बसल्या.

प्रयोगशाळेत हे सर्व दाबकाकांना सांगताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा ठाम राहिला नव्हता. दाबकाका मात्र मान डोलावत होते.

"आधीचं मूल गेलं की पुढच्याला तेच नाव. जुन्या घरांत सर्रास असायचं. आमच्या खापरपणजोबांकडे एकाच नावाचे तिघे. दोघे टिकले नाहीत, तिसऱ्याने शंभरी गाठली. कारकुनाला वहीत त्या नावाची पहिली नोंद दिसली असणार, ती त्याने उतरवून दिली. तुमच्या आईची खरी नोंद दोन-तीन पानं पुढे असेल, नाहीतर कोणी केलीच नसेल."

"म्हणजे दाखला एकीचा, आणि शाळेत गेली दुसरी."

"हो. आता मला सांगा बाई, तिसरी चौकट कोणाची?"

बाईंनी प्रमाणवजनांच्या पेटीचे झाकण उघडले आणि पुन्हा लावले. आपण काय लिहिले होते ते त्यांना शब्दशः आठवत होते. 'तिसऱ्या चौकटीला कोणताही आधार नाही. ती काढून टाकावी.'

"त्या चौकटीवरून गटात चार-पाच वर्षांमागे वाद झाला होता," दाबकाका हलक्या आवाजात म्हणाले. "तेव्हा मला संबंध ठाऊक नव्हता. नियंत्रक म्हणाले, स्रोत द्या, नाहीतर चौकट काढा. वृक्ष करणाऱ्या बाईंनी लिहिलं, 'स्रोत नाही. पाच वर्षांची असताना तिला नेलं, पुढचं मला कळलं नाही. मेल्याची नोंद मिळेपर्यंत ती हयात आहे.' आणि पिवळी खूण तशीच ठेवली. त्या खुणेवरून लोक त्यांना अजून टोचतात."

जगात एका माणसाने पुराव्याविना आईला सत्तर वर्षे जिवंत धरून ठेवले होते, आणि पुरावा नाही म्हणून तिला पुसून टाकण्याची मागणी पोटच्या मुलीने केली होती. नियमाप्रमाणे मुलीचे बरोबर होते. बाईंना आपले बरोबर असणे इतके अडचणीचे कधी वाटले नव्हते.

दुसरे पत्र त्यांनी एकट्याने लिहिले. त्यात स्तुती नव्हती.

'माझी चूक झाली. दाखला आपल्या वारलेल्या बहिणीचाच आहे. तो माझ्या आईच्या हाती कारकुनाच्या चुकीने आला. माझी आई दुसरी चौकट नव्हे. ती तिसरी आहे, असे मला वाटते. मी ते सिद्ध करू शकत नाही. तिच्याजवळ स्वतःचा असा एकही कागद नाही. तिसऱ्या चौकटीविषयी मी जे लिहिले, ते परत घेते. तिचा स्रोत माझ्या घरात आहे आणि रोज मला विचारतो, ताई सापडली का.'

"हयात व्यक्तीची माहिती आहे ही," दाबकाका वाचून म्हणाले.

"मग?"

"खासगी पत्रात चालते," ते म्हणाले आणि त्यांनी ते पोचते केले.

ताईचे उत्तर दोन ओळींचे होते. 'यापूर्वी दोनदा मला बहीण मिळाली आहे. दोन्ही वेळा ती वेगळीच निघाली. रविवारी दुपारी चारला फोन करावा.' खाली क्रमांक.

आईला सांगणे भाग होते. बाईंनी सगळे क्रमाने सांगितले: आधीची बहीण, तिचे नाव, दाखला, चौकटी. आईने कपाळाला आठ्या घालून ऐकले.

"म्हणजे मी एक्याऐंशीची नाही?"

"अठ्ठ्याहत्तर असशील. फार तर एकोणऐंशी."

"मग हे गुडघे कोणाचे दुखतायत?" आईने विचारले. थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात, तिने विचारले, "आणि नाव तिचं. मग माझं काय होतं?"

बाईंनी मेजावरचा जन्मदाखला उलटा करून ठेवला.

रविवारी चारला बाईंनी फोन लावून मेजावर ठेवला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून आलेला आवाज कोरडा होता, शब्दन् शब्द तोललेला. इतका, की बाईंना क्षणभर आपणच बोलत असल्यासारखे वाटले.

"बोला. काय काय आठवतं आपल्याला?"

आईला जे आठवत होते त्यात काही तोलण्यासारखे नव्हते. भट्टीचा वास. वडिलांच्या शर्टाला पीठ. एक निळी बादली. प्रत्येक गोष्टीवर पलीकडून "हं" येई. भट्टीवर काम करणाऱ्या कोणाच्याही मुलीला हे आठवले असते, हे बाईंना कळत होते, आणि ताईलाही कळत होते. आईने एकदाही "ताई" म्हटले नाही. धीर होत नव्हता. एकमेकींना "तुम्ही" म्हणत दोन म्हाताऱ्या हळूहळू गप्प होत गेल्या.

"बरं," ताई म्हणाली. बोलणे संपवताना काढतात तसा तो आवाज होता. "तब्येत सांभाळा. या वयात जिने वगैरे नाहीत ना?"

"आहे ना. पहिला मजला. सतरा पायऱ्या, जीव जातो."

"सोळा," बाई म्हणाल्या. त्यांनी ठरवून म्हटले नाही. शिंक यावी तसे ते आले.

"सतरा."

"आई, सोळा."

मग ताईने विचारले, "नक्की किती?"

"सोळा," बाई म्हणाल्या. "आई सात गाळते. पहिल्यापासून. किती सांगितलं तरी पालथ्या घड्यावर पाणी."

"गाळते म्हणजे कशी?" आवाजातला तोल किंचित ढळला होता. "त्यांना मोजून दाखवायला सांगा."

"बसल्या बसल्या?" आई म्हणाली.

"बसल्या बसल्या."

आईला ओशाळल्यासारखे झाले. तरी तिने मेजाच्या कडेवर बोट ठेवले आणि एकेक पायरी चढवायला सुरुवात केली. "एक. दोन. तीन. चार. पाच. सहा." इथे तिने नेहमीप्रमाणे जरासा श्वास घेतला.

"आठ," दोन आवाज एकदम म्हणाले.

आईचे बोट थांबले.

"हळू," ताई म्हणाली. "बाबा झोपलेत."

मग फोनमधून, तुकड्यातुकड्याने, एक लाकडी जिना बाहेर आला. त्याची सातवी पायरी करकरे. रात्रपाळी करून आलेले वडील दिवसा वरच्या खोलीत झोपत. थोरली बहीण धाकटीला हाताने उचलून सहावरून थेट आठवर नेई. आणि मोजण्यातही सात म्हणायचे नाही असा तिचा हुकूम होता, कारण धाकटी जे म्हणे त्यावर पाय ठेवी. आईला यातले काही आठवत नव्हते. पायरी गेली, करकर गेली, कारण गेले. सात गाळणे तेवढे राहिले.

"ताई," आई म्हणाली, "माझं वेगळं नाव होतं का गं काही? आधी?"

"मी तुला 'दुसरी' म्हणायचे. आईला आवडायचं नाही."

"दुसरी," आईने म्हणून पाहिले. "बरं आहे."

बाई उठून खिडकीशी गेल्या होत्या. दोन तराजूंत तीच चमत्कारिक चूक त्याच अंकावर आढळली, तर ते एकाच कारखान्यातले असतात, हे त्या नवशिक्यांना दर वर्षी शिकवत. खरे वजन दाखवणारे तराजू कुठलेही असू शकतात. हे त्यांना ठाऊक होते. तीस वर्षे ते त्यांच्यासमोर जिना चढत होते.

तासाभराने ताईने त्यांना फोनवर बोलावले. "चौकटीचा स्रोत म्हणून काय लिहू? नियंत्रक विचारतील."

बाईंनी घसा साफ केला. "लिहा: परस्परांशी संपर्क नसलेल्या दोन व्यक्तींच्या मोजणीत, एकाच स्थानी, एकाच स्वरूपाची..."

"एवढं त्या रकान्यात मावत नाही. 'जित्याची खोड' लिहिते."

दुसऱ्या दिवशी वृक्ष पुन्हा उघडला होता. तिसऱ्या चौकटीची पिवळी खूण गेली होती. आत पूर्वीसारखाच एक शब्द होता, नाव नाही, वय नाही. चारशे सदस्यांपैकी कोणालाही त्यात काही बदलल्याचे दिसले नसते. नियंत्रकांनी मात्र स्रोत पाहिला असावा, कारण दाबकाकांकडे विचारणा आली की हा कागद कोणत्या कार्यालयात पाहायला मिळेल. दाबकाकांनी आधी त्यांचे आभार मानले आणि मग उत्तर द्यायचे टाळले.

संध्याकाळी आई दवाखान्यातून परतली. बाई तिची पिशवी घेऊन मागे होत्या. आई कठड्याला धरून मोजत चढली आणि वर टेकून म्हणाली, "सतरा."

"सोळा," बाई म्हणाल्या.

"ताईला विचार," आई म्हणाली आणि किल्ली शोधू लागली.